फोटोची ठेवणीतली फाइल: जेपीजी, एचईआयसी, रॉ की टिफ?

फोटो एकदाच काढला जातो, पण पुढे त्याच्या तीन फाइली व्हायला हव्यात. एक ठेवणीतली, जिला हात लावायचा नाही. दुसरी कामातली, जिच्यावर रंग-उजेड सुधारायचा, डाग काढायचे. तिसरी द्यायची: छपाईच्या लॅबला, फॉर्मवर, नातेवाइकांना, वेबसाइटवर. ‘सगळ्यात चांगला फॉरमॅट कोणता’ याचं उत्तर या तिघींसाठी वेगवेगळं आहे. बहुतेकांचे फोटो खराब होतात ते एकाच फाइलला तिन्ही कामांना जुंपल्यामुळे.

घाई असेल त्यांच्यासाठी निवाडा आधी सांगून टाकतो. फोनने काढलेले घरगुती फोटो जसे निघाले तसेच ठेवा, मग ते जेपीजी असोत की एचईआयसी. कॅमेऱ्याने लग्नाचं, उत्पादनांचं किंवा पुन्हा न येणाऱ्या प्रसंगाचं काम करत असाल तर रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) ठेवा. जुने कागदी फोटो स्कॅन करत असाल तर टिफ. मोठी दुरुस्ती करायची तर मधली फाइल १६ बिटची (रंगाच्या जास्त पायऱ्यांची) टिफ किंवा फोटोशॉपची पीएसडी. द्यायची फाइल जवळजवळ नेहमीच जेपीजी. स्क्रीनशॉट आणि लोगो पीएनजी. पुढे आहेत ती यामागची कारणं, आकडे आणि नेमकं कुठे फसतं ते.

जेपीजीच्या आत काय घडतं

साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो घ्या. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट दिले तर ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ एमबी. तोच फोटो फोनमध्ये ३ ते ५ एमबीत बसलेला असतो. मधली माहिती गेली कुठे?

जेपीजी हे १९९२ सालचं मानक. ते आधी चित्रातला उजेड आणि रंग वेगळे करतं. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून बहुतेक फोन आणि अॅप रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मी करतात: चार पिक्सेलना मिळून रंगाचा एकच नमुना. सेटिंगमध्ये हे ४:२:० असं लिहिलेलं दिसतं. त्यानंतर चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातले अगदी बारीक चढउतार ढोबळ आकड्यांत गुंडाळले जातात. क्वालिटीचा आकडा जितका कमी, तितकं हे गुंडाळणं ठोकळ.

याचा परिणाम कुठे दिसतो ते एकदा स्वतः बघाच. लाल शालूला हिरवा काठ असलेला नवरीचा फोटो उघडा आणि काठावर २०० टक्के झूम करा. तिथला लाल आणि हिरवा उजेडाला जवळजवळ सारखे असतात. दोघांमधली रेघ असते ती फक्त रंगाच्या माहितीत, आणि नेमकी तीच निम्मी झालेली आहे. त्यामुळे काठाची धार तपकिरी होऊन पसरते. शेजारची सोनेरी जर मात्र खणखणीत दिसते, कारण तिची चमक उजेडाच्या माहितीतून येते. लग्नपत्रिकेवरच्या लाल अक्षरांचंही असंच होतं. अशा फोटोंची जेपीजी करताना सबसॅम्पलिंगचा (रंगाची माहिती किती कमी करायची याचा) पर्याय दिसला तर ४:४:४ निवडा, म्हणजे ती कमी होत नाही. गिंप या मोफत अॅपमध्ये तो एक्स्पोर्टच्या खिडकीत अॅडव्हान्स्ड पर्यायांखाली मिळतो. फाइल थोडी वाढते, काठ शाबूत राहतो.

एक गैरसमज इथेच दूर करू. जेपीजी नुसती उघडून पाहिली, कॉपी केली, पेन ड्राइव्हवर नेली किंवा ईमेलला जोडली तर ती झिजत नाही; बाइट जसेच्या तसे जातात. झीज होते ती पुन्हा सेव्ह केल्यावर. त्यातही, काहीच न बदलता त्याच अॅपमध्ये त्याच क्वालिटीने परत परत सेव्ह केलं तर नुकसान पहिल्या काही वेळांनंतर जवळजवळ थांबतं. खरा फटका बसतो तो मधे क्रॉप केल्यावर, आकार बदलल्यावर किंवा उजेड वाढवल्यावर. क्रॉपमुळे ८ × ८ चे चौकोन नव्या जागी पडतात, जुन्या चौकोनांच्या कडा आता नव्या चौकोनांच्या पोटात येतात आणि अॅप त्या कडांनाच चित्राचा भाग समजून जपतं. आज क्रॉप, उद्या फिल्टर, परवा नाव टाकलं, प्रत्येक वेळी सेव्ह, असं चार-पाचदा झालं की आकाशात पायऱ्या पडतात आणि केसांभोवती मुंग्या आल्यासारखा कचरा दिसू लागतो.

म्हणून जेपीजीवर काम करायचं असेल तर क्रम असा ठेवा: मूळ फाइलची कॉपी करा, ती उघडून लगेच पीएसडी, टिफ किंवा गिंपच्या एक्ससीएफमध्ये सेव्ह करा, सगळे बदल तिच्यावर करा आणि अगदी शेवटी एकदाच जेपीजी काढा. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत लेयर असलेल्या फाइलची जेपीजी ‘सेव्ह अ कॉपी’ किंवा ‘एक्स्पोर्ट अॅज’मधून निघते.

क्वालिटी किती ठेवायची? आधी पट्टी ओळखा, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरची पट्टी वेगळी. फोटोशॉपच्या सेव्हमध्ये ० ते १२, लाइटरूम आणि गिंपमध्ये ० ते १००. एकाचा ८० दुसऱ्याच्या ८० इतकाच असेल असं नाही. आमचा सल्ला: प्रिंटसाठी ९० ते ९५ किंवा फोटोशॉपमध्ये १० ते १२, स्क्रीनवर पाहण्यासाठी ८० ते ८५ पुरे. १०० लावण्यात अर्थ नाही, फाइल ९२ च्या तुलनेत खूप फुगते आणि डोळ्याला काहीच जादा मिळत नाही. ७० च्या खाली निळं आकाश, कोरी भिंत आणि धुकं सर्वांत आधी चौकोनी होतात.

फोटो फिरवतानाही सांभाळा. कॅमेरा बहुतेक वेळा पिक्सेल न हलवता ‘हा उभा धरा’ अशी खूण एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमधल्या तारीख-कॅमेऱ्याच्या नोंदीत ठेवतो. काही जुनी अॅप ती खूण वाचत नाहीत, म्हणून तोच फोटो एका ठिकाणी उभा आणि दुसरीकडे आडवा दिसतो. प्रत्यक्ष फिरवायचाच असेल तर इरफानव्ह्यूसारख्या अॅपमधलं लॉसलेस (काही न गमावता होणारं) रोटेशन वापरा. त्यात चौकोन न उलगडता नुसते नव्या जागी मांडले जातात. अट एकच: लांबी-रुंदीला १६ ने पूर्ण भाग जायला हवा, नाहीतर एका कडेची बारीक पट्टी कापावी लागते. ४०३२ × ३०२४ ला भाग जातो. ४००० × ३००० मध्ये ३००० ला जात नाही.

आयफोनवाल्यांची एचईआयसी

२०१७ साली आयओएस ११ बरोबर आयफोनने जेपीजीऐवजी एचईआयसी वापरायला सुरुवात केली. दर्जा साधारण तोच, फाइल जवळपास निम्मी. शिवाय पोर्ट्रेट मोडमधली खोलीची माहिती त्याच फाइलच्या पोटात राहते. ठेवणीतली फाइल म्हणून एचईआयसी चांगली आहे. जेपीजीत बदलून मूळ फाइल उडवू नका; बदलताना एकदा नुकसान होतं आणि पोर्ट्रेटची पार्श्वभूमी नंतर कमी-जास्त धूसर करण्याची सोयही बऱ्याचदा जाते.

त्रास होतो तो देताना. विंडोजवर ती उघडायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स लागतं, त्याने भागलं नाही तर एचईव्हीसीचंही. छपाईवाल्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ऑनलाइन फॉर्मवर ती बहुधा नाकारलीच जाते. इथे पुष्कळ जण फाइलच्या नावातलं शेपूट (.heic) पुसून तिथे जेपीजी लिहितात. नाव बदलल्याने आतला माल बदलत नाही. खऱ्या जेपीजीचे पहिले दोन बाइट ‘एफएफ डी८’ असतात. फॉर्मचं सॉफ्टवेअर ते तपासतं आणि ‘अवैध फाइल’ सांगतं. फाइल अॅपमध्ये उघडून जेपीजी म्हणून एक्स्पोर्टच करावी लागते. विंडोज ११ मध्ये शेपूट दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा.

पुढे काढले जाणारे फोटो थेट जेपीजीतच हवे असतील तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. ज्यांचं काम रोज फॉर्म, पंचनामे किंवा साइटचे फोटो पाठवण्याचं आहे त्यांनी हेच करावं. जागा जास्त लागेल पण रोजची कटकट वाचेल. सॅमसंगच्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशिअन्सी पिक्चर्स’ हा पर्याय असतो, तो बंद असेल तर जेपीजी निघते.

आयफोन केबलने विंडोजला जोडून शेकडो फोटो कॉपी करताना मधेच ‘डिव्हाइस काम करत नाही’ अशा अर्थाची सूचना येऊन सगळं थांबतं, हा नेहमीचा अनुभव. कारण असं की फोन प्रत्येक फाइल जाता जाता जेपीजीत बदलत असतो आणि त्यात अडखळतो. फोनच्या सेटिंगमध्ये फोटोजखाली ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ शोधा आणि ‘ऑटोमॅटिक’च्या जागी ‘कीप ओरिजिनल्स’ करा. कॉपी सरळ चालते, आणि हाती येते ती मूळ फाइल.

रॉ केव्हा ठेवायची

रॉ म्हणजे सेन्सरने मोजलेला कच्चा उजेड. कॅननची सीआर२ किंवा सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ. जेपीजीत प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. हा फरक सरळ निघालेल्या फोटोत दिसत नाही. फोटो दुरुस्त करायला घेतला की दिसतो.

हळदीचा कार्यक्रम घ्या. पिवळी हळद, पिवळे कपडे, मांडवात पिवळे दिवे. अशा उजेडात निळ्या रंगाच्या खान्यात जवळजवळ काहीच येत नाही. कॅमेऱ्याने जेपीजी करताना व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंगांचा तोल) ठरवून टाकला आणि त्या खान्यातले उरलेसुरले चढउतार २५६ पायऱ्यांच्या तळाशी ढोबळ करून ठेवले. नंतर तुम्ही पिवळेपणा कमी करायला निळा वर खेचला की त्वचेवर ठिपके आणि चौकोन उमटतात. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती नोंद असते, ती कितीही वेळा बदला. गुलालातही हेच: जेपीजीत लाल २५५ ला जाऊन चिकटतो आणि उधळलेला गुलाल सपाट डाग होऊन बसतो, रॉमध्ये बऱ्याचदा त्यातले कण परत आणता येतात. सेन्सरच पूर्ण भरून गेला असेल तर मात्र रॉही काही करू शकत नाही. कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारं चित्र आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रॉमधल्या छोट्या जेपीजीवरून काढलेले असतात, तेव्हा तिथे थोडा भाग जळालेला दिसला म्हणून तो गेलाच असं धरू नका.

मेन्यूमध्ये रॉचे प्रकार दिले असतील तर ‘लॉसलेस कम्प्रेस्ड’ निवडा. २४ मेगापिक्सेलच्या १४ बिट रॉला दाबल्याशिवाय किमान ४२ एमबी लागतात. लॉसलेसमध्ये साधारण २५ ते ३० एमबी, आणि गमावत काहीच नाही. रॉ अधिक जेपीजी असं दोन्ही घेतलं तर फोटोमागे सुमारे ४० एमबी धरा: ६४ जीबीच्या कार्डावर १६०० च्या आसपास फोटो. दिवसभराच्या लग्नाला त्या हिशेबाने कार्डं न्या.

रॉमध्ये लोक अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली: तुम्ही केलेली दुरुस्ती रॉच्या आत लिहिली जात नाही. ती लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये किंवा शेजारच्या त्याच नावाच्या एक्सएमपी फाइलमध्ये असते. फोल्डर आवरताना ‘ही काय छोटी फाइल’ म्हणून एक्सएमपी उडवली, किंवा फक्त रॉ दुसऱ्या डिस्कवर नेली, की आठवड्याचं काम गेलं. दोन्ही नेहमी बरोबर हलवा. दुसरी: नवा कॅमेरा आणि जुनं सॉफ्टवेअर. फोटोशॉप सीएस६ हे २०१२ चं, कॅननची सीआर३ आली २०१८ मध्ये. ती तिथे उघडणारच नाही. कॅमेरा बिघडलेला नसतो. अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरा, त्यातून निघालेली डीएनजी जुन्या सॉफ्टवेअरला चालते. डीएनजी हा २००४ पासूनचा खुला फॉरमॅट आहे. ठेवणीसाठी तो योग्यच आहे, फक्त रूपांतर केल्याबरोबर मूळ सीआर३ उडवू नका. कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर बहुधा स्वतःचीच रॉ वाचतं.

आयफोनचा प्रोरॉ म्हणजेही डीएनजीच. १२ मेगापिक्सेलला सुमारे २५ एमबी आणि ४८ मेगापिक्सेलला सुमारे ७५ एमबी. तो कायम चालू ठेवला तर फोन लगेच भरतो. सूर्यास्त, रात्रीचा किल्ला, दिव्यांची आरास अशा मोजक्या वेळी चालू करा.

शाळेच्या स्नेहसंमेलनात सातशे फोटो काढून त्याच संध्याकाळी द्यायचे असतील तर चांगल्या क्वालिटीची जेपीजी पुरते. तिथे रॉ काढून कुणाचंही भलं होत नाही.

घरातले जुने फोटो: टिफ

आजी-आजोबांचा फोटो स्कॅन करण्याची संधी एकदाच मिळते असं समजून करा, कारण कागद दर वर्षी आणखी पिवळा पडतो. टिफ १९८६ सालापासून आहे, छपाई आणि अभिलेखागारांत रुळलेली आहे, आणि सेव्ह करताना काहीच टाकून देत नाही.

४ × ६ इंची प्रिंट ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केली की २४०० × ३६०० पिक्सेल होतात: ८६ लाख पिक्सेल, २४ बिट रंगात सुमारे २६ एमबी. असे ३०० फोटो म्हणजे आठ जीबीच्या आत, साध्या पेन ड्राइव्हवर मावतात. जागेची काळजी करून जेपीजीकडे वळण्याचं कारण नाही. पासपोर्ट आकाराचा छोटा फोटो मोठा करून हवा असेल तर १२०० डीपीआय. ३५ मिमीच्या निगेटिव्हला मात्र २४०० ते ४००० डीपीआय लागतात, आणि फिल्मच्या मागून उजेड टाकणारा स्कॅनर.

फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीतच स्कॅन करा. चहाचा किंवा बुरशीचा डाग पिवळट असतो. लाल खान्यात तो फिका आणि निळ्यात गडद येतो. रंगीत स्कॅन असेल तर नुसता लाल खाना घेऊन डाग निम्मा नाहीसा करता येतो. ग्रेमध्ये स्कॅन केलात की ही वाट बंद. स्कॅनरमधलं आपोआप शार्पन, धूळ काढणं, रंग सुधारणं हे सगळं बंद ठेवा, ते कामातल्या फाइलवर करता येईल. काच प्रत्येक दहा-बारा फोटोंनी कोरड्या मऊ कापडाने पुसा.

टिफ सेव्ह करताना कम्प्रेशन विचारलं जातं. ८ बिटला एलझेडडब्ल्यू चालतं. १६ बिटला झिप घ्या, कारण १६ बिट फोटोला एलझेडडब्ल्यू लावलं की फाइल कधीकधी उलट मोठी होते. यादीत जेपीजी कम्प्रेशनही असतं, ते टाळा. नाव टिफचं आणि नुकसान जेपीजीचं, असं होऊन बसतं. आणि आधीच दाबलेल्या जेपीजीची टिफ केल्याने गेलेलं काही परत येत नाही. फायदा एवढाच की तिथून पुढे आणखी जात नाही.

पीएनजी, वेबपी आणि बाकीचे

पीएनजीही काही टाकून देत नाही, पण फोटोसाठी ती नाहक मोठी होते आणि फोटोची तारीख-कॅमेरा या नोंदी अनेक अॅप तिच्यात नीट उतरवत नाहीत. तिची जागा अक्षरं आणि सपाट रंग. सातबाऱ्याचा, पावतीचा किंवा वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट पीएनजीतच ठेवा. जेपीजी केला की अक्षरांभोवती राखाडी कण जमतात आणि ८ की ३ ते वाचताना चुकतं. स्टुडिओचा पारदर्शक लोगोही पीएनजीच.

वेबपी आणि एव्हीआयएफ हे वेबसाइटचे फॉरमॅट. पान लवकर उघडावं म्हणून साइट फोटो त्यात देतात, म्हणूनच सेव्ह केलेला फोटो कधीकधी वेबपी निघतो. स्वतःची साइट असेल तर जरूर वापरा, ठेवणीत ठेवू नका. जेपीईजी एक्सएल या नव्या फॉरमॅटची रचना सुंदर आहे: जुनी जेपीजी एकही बिट न गमावता सुमारे २० टक्के लहान करते आणि परत जशीच्या तशी देते. पण ती सगळीकडे उघडत नाही, म्हणून सगळा संग्रह तिच्यात घालायची घाई करू नका. बीएमपी आणि जीआयएफ फोटोसाठी विसरा. जीआयएफमध्ये एकूण २५६ च रंग मावतात.

द्यायची फाइल

लॅबला जेपीजी, ८ बिट, एसआरजीबी (फाइलमधला आकडा म्हणजे नेमका कोणता रंग हे ठरवणारं नेहमीचं प्रोफाइल). पिक्सेल मोजायचे ते इंच गुणिले ३००: ४ × ६ ला १२०० × १८००, ८ × १२ ला २४०० × ३६००, आणि १२ × ३६ च्या अल्बमच्या जोडपानाला ३६०० × १०,८०० पिक्सेल. ‘३०० डीपीआय करून द्या’ असं लॅबने सांगितलं आणि तुम्ही फक्त तो आकडा बदललात तर काहीच घडत नाही. तो आकडा म्हणजे एक चिठ्ठी; खरं असतं ते पिक्सेलचं. १२०० × १८०० च्या फाइलवर ७२ लिहिलेलं असो की ३००, ४ × ६ ची प्रिंट सारखीच येते.

रंग फिके आले अशी तक्रार बहुधा प्रोफाइलमुळे असते. कॅमेरा अडोबी आरजीबीवर किंवा फोन डिस्प्ले पी३ वर असतो, लॅबचं मशीन सगळं एसआरजीबी समजून छापतं आणि कुंकवाचा लाल विटकरी होतो. फोटोशॉपमध्ये एडिट मेन्यूतून ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ करून एसआरजीबी निवडा. शेजारचं ‘असाइन प्रोफाइल’ वापरू नका: कन्व्हर्टमध्ये रंग तोच राहून आकडे बदलतात, असाइनमध्ये आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो.

नोकरीच्या फॉर्मवरची अडचण वेगळी. आयबीपीएसच्या बँक भरतीत फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी असा मागितला जातो. सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. ज्या जाहिरातीला अर्ज करताय तिच्यातले आकडे आधी वाचा. चूक इथे होते: लोक १२ मेगापिक्सेलचा फोटो घेतात आणि फक्त क्वालिटी खाली ओढत ५० केबीवर आणतात. हिशेब करून बघा. ५० केबी म्हणजे सुमारे ४ लाख बिट. ते १ कोटी २० लाख पिक्सेलवर वाटले तर तीस पिक्सेलमागे जेमतेम एक बिट येतो आणि चेहरा चौकोनांचा ठिगळ होतो. तेच बिट २०० × २३० म्हणजे ४६,००० पिक्सेलवर वाटले तर प्रत्येकाला जवळजवळ नऊ मिळतात, फोटो स्वच्छ निघतो. म्हणून क्रम पाळा: आधी चेहरा आणि खांदे येतील असा २०:२३ च्या प्रमाणात क्रॉप, मग रिसाइज २०० × २३०, आणि शेवटी क्वालिटी. फाइल २० केबीच्या खाली गेली तर क्वालिटी ९५ च्या वर न्या. विंडोजच्या पेंटमध्ये क्रॉप आणि रिसाइज होतं पण क्वालिटी ठरवता येत नाही. इरफानव्ह्यूमध्ये जेपीजी सेव्ह करताना ‘सेट फाइल साइज’ हा पर्याय आहे, तिथे ४५ केबी टाका.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होते, पुन्हा दाबली जाते आणि तिच्यातली तारीख-ठिकाणाची नोंद निघून जाते. एचडी निवडलं तरी मूळ फाइल जात नाही. पुण्याहून अमेरिकेतल्या मुलाला अल्बमसाठी फोटो पाठवायचे असतील तर अॅटॅचमेंटमधून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल बाइटसकट तशीच पोचते. गूगल ड्राइव्हची लिंकही चालते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप ‘स्टोरेज सेव्हर’वर असेल तर फोटो पुन्हा दाबला जातो आणि १६ मेगापिक्सेलहून मोठा असेल तर लहानही केला जातो, ठेवणीच्या प्रतीसाठी ‘ओरिजिनल क्वालिटी’ हवी, मग १५ जीबीची मोफत जागा लवकर भरणार हे धरून चाला.

मूळ फाइल उडवण्याआधी

शेकडो फाइली एकदम बदलल्या असतील तर आधी दोन्ही फोल्डरमधली फाइलींची संख्या जुळवा. रॉ अधिक जेपीजी घेतली असेल तर एकाच नावाच्या दोन फाइली असतात, तेव्हा संख्या दुप्पट दिसणं बरोबर आहे. शून्य केबीच्या फाइली आहेत का ते आकाराने लावून बघा. सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या काही फाइली १०० टक्क्यांवर पूर्ण खालपर्यंत पाहा: अर्धवट कॉपी झालेली जेपीजी वरून नीट दिसते आणि खालचा भाग राखाडी निघतो, छोट्या थंबनेलमध्ये ते कळत नाही. प्रॉपर्टीजमध्ये ‘डेट टेकन’ मूळ तारखेची आहे ना, की आजची पडली आहे, तेही तपासा. मग मूळ फोल्डरच्या दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा, तिच्यातल्या पाच-दहा फाइली वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि मगच कार्ड फॉरमॅट करा.